सक्तीची लष्करी भरती: मध्यमवर्गाला फायद्याची की भुर्दंड?

लष्करवासी : ग्वाल्हेरात आम्ही राहतो त्या भागाचं नावच लष्कर. दौलतराव शिंद्यांच्या फौजेचा तळ इथे पडला, त्यावरून पडलेलं. आज त्याच लष्करातल्या मराठी घरांमधून फौजेत किती जण जातात? आमची मुलं पुणे-बंगळुरू गाठतात आणि सीमेवर उभी राहतात शेजारच्या भिंड-मुरैन्याच्या शेतकऱ्यांची. मला हे खटकतं. सगळ्यांनाच दोन वर्षं सक्ती असावी. सिंगापूरनं १९६७ मध्ये ती आणली आणि तो देश श्रीमंतच झाला. शिस्त लागलेला तरुण कारखान्यालाही हवाच असतो.

हिशोबी : काका, तुमची खंत पटते, उपाय पटत नाही. सिंगापूर बंदरावर आणि व्यापारावर मोठं झालं. आपल्याकडे दरवर्षी दोन कोटींहून जास्त मुलंमुली अठरा वर्षांची होतात आणि तिन्ही दलांतले सगळे सैनिक मिळून पंधरा लाखही भरत नाहीत. एवढ्यांना बराकी, जेवण, शिकवणारे हवालदार कुठून आणायचे? ते पैसे करातूनच जाणार. शिवाय तेविसाव्या वर्षी कमवायला लागणारा मुलगा पंचविसाव्या वर्षी लागेल. घराचा हप्ता, बहिणीचं शिक्षण, सगळं दोन वर्षं मागे. अमेरिकी अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमन सक्तीला छुपा कर म्हणत, तो हाच. अमेरिकेनं १९७३ मध्ये ती थांबवली. व्हिएतनामच्या युद्धासाठी कोणाला बोलवायचं हे ठरवायला तिथे जन्मतारखांच्या चिठ्ठ्या काढत. अर्थतज्ज्ञ जोशुआ अँग्रिस्टनी त्यावरून हिशोब मांडला: १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला गोऱ्या माजी सैनिकांची कमाई सैन्यात न गेलेल्यांपेक्षा सुमारे १५ टक्क्यांनी कमी होती.

लष्करवासी : ते युद्ध होतं. शांततेच्या काळातल्या दोन वर्षांना तोच आकडा कसा लावता?

हिशोबी : आकडा तोच राहणार नाही, मान्य. पण कामाचा अनुभव बुडतो तो शांततेतही बुडतोच.

मुरारची मुलगी : तुम्ही दोघंही आपल्याच घरांचं बोलताय. जून २०२२ मध्ये अग्निपथ ही चार वर्षांच्या फौजभरतीची योजना जाहीर झाली आणि इथल्या बिर्लानगर स्टेशनवर तोडफोड झाली. तोडफोड चूकच. पण ती मुलं पहाटे उठून वर्षानुवर्षं धावत होती ती पक्क्या नोकरीसाठी, पेन्शनसाठी. चार वर्षांनी चारातला एकच आत राहणार, हे त्यांना कसं सोसवेल? मुरैन्याच्या घराला फौज हाच मध्यमवर्गात येण्याचा जिना आहे. सक्ती आली की सरकारला शिपाई स्वस्तात मिळेल, मग पूर्ण पगार देऊन यांना कोण घेईल? काका, तुम्हाला ज्यांची काळजी वाटते त्यांचीच नोकरी जाईल.

लष्करवासी : हा विचार मी केला नव्हता, ताई. सक्तीचा शब्द मागे घेतो. पण आपल्या घरांतली मुलं एनसीसीपुरतीच फौजेजवळ जातात, हे मला अजूनही सलतं. माझ्या नातवाला अधिकारी भरतीचा फॉर्म भरायला सांगणार आहे, त्याच्या मर्जीनं.