शुगरच्या गोळ्या जेनेरिक घ्याव्यात का (बी विंग ग्रुप)

शिंदे काकू ४०२: कोणी शुगरच्या गोळ्या जनऔषधीतून, म्हणजे सरकारच्या त्या स्वस्त औषधांच्या दुकानातून घेतं का? ह्यांच्या तीन गोळ्यांचं बिल परवडेनासं झालंय आणि मेडिकलवाला म्हणतो जेनेरिकने गुण येत नाही

मनीषा १०३: काकू माझ्या आईच्या आम्ही तिथूनच घेतो. आधी पट्टीच्या मागे बारीक अक्षरात काय लिहिलंय ते सांगा, वरचं मोठं नाव सोडून द्या. जेनेरिक म्हणजे आतलं औषध तेच, फक्त दुसऱ्या कंपनीने बनवलेलं

शिंदे काकू ४०२: मेटफॉर्मिन ५०० एसआर, सिटाग्लिप्टिन ५०, एम्पाग्लिफ्लोझिन १०

मनीषा १०३: मग मेटफॉर्मिनचं टेन्शन घेऊ नका, ती जुनी गोळी, सरकारच्या अत्यावश्यक यादीत आहे, कुठल्याही कंपनीची स्वस्तच पडते. पैसे जातात ते बाकीच्या दोन्हींत. सिटाचं पेटंट जुलै २०२२ ला संपलं, म्हणजे बाकीच्या कंपन्यांनाही ती बनवता यायला लागली, आणि त्याच वर्षी जनऔषधीत ५० ची १० गोळ्यांची पट्टी ६० रुपयांना आली म्हणजे गोळी ६ रुपये, मूळ कंपनीची ४० च्या आसपास होती!! एम्पाचं पेटंट मार्च २०२५ ला संपलं, ६० रुपयांच्या आसपास असलेली गोळी आपल्याच कंपन्यांनी १५ च्या आत आणली, म्हणजे जनऔषधीत नाही मिळाली तरी साध्या मेडिकलमध्ये दुसऱ्या कंपनीची मागून बघा

सावंत काका २०१: सगळं ठीक पण इतकी स्वस्त म्हणजे माल कसा असेल? शुगरशी खेळ नको

निखिल ३०४: काका मी फार्मात क्वालिटीलाच आहे. आपण ब्रँडेड म्हणून घेतो त्यातल्या बहुतेक पण जेनेरिकच असतात फक्त कंपनीने नाव दिलेलं असतं, लायसन्स दोन्हीला लागतं. जनऔषधीचा माल विकायला जाण्याआधी प्रत्येक बॅच लॅबमध्ये तपासतात. फक्त एसआर लिहिलंय तिथे एसआरच घ्या, ती हळूहळू विरघळते, साधी ५०० तिच्या जागी चालत नाही आणि एसआर तोडून पण खाऊ नका

मनीषा १०३: हो आणि भाव पट्टीचा नका बघू, गोळीचा बघा. कोणाची पट्टी ७ ची, कोणाची १० ची, कोणाची १५ ची, त्यातच माणूस फसतो

शिंदे काकू ४०२: डॉक्टरांना विचारायला कसंतरी वाटतं गं

मनीषा १०३: अजिबात वाटून घेऊ नका काकू, सरळ म्हणा कंटेंटचं, म्हणजे आतल्या औषधाचं नाव लिहून द्या. न विचारता बदलू मात्र नका, आणि बदलल्यावर ३ महिन्यांनी एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी रक्ततपासणी) करा म्हणजे आकडाच सांगेल. आमच्याकडे येणाऱ्या मावशी पैशांसाठी गोळी दिवसाआड घेत होत्या, शुगर ३०० च्या वर गेली, पायाची जखम भरेना. ६ रुपयांत मिळते हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. तुमच्या घरी येणाऱ्यांनाही विचारा ना प्लीज, कोणाला शुगर असेल तर चिठ्ठीचा फोटो मला पाठवा मी भाव काढून देते

निखिल ३०४: जनऔषधी सुगम नावाचं ॲप आहे त्यात भाव आणि जवळचं केंद्र दोन्ही दिसतं. कधीकधी स्टॉक नसतो, फोन करून जा

सावंत काका २०१: मनीषा माझी ग्लिमेपिराइड १ ची पट्टी आहे, फोटो पाठवतो, बघ जरा

मनीषा १०३: पाठवा काका. मागची बाजू पाठवा