होल फूड मल्टिव्हिटॅमिन गोळ्या घेण्यात अर्थ आहे का? (मदत हवी आहे)

सांजवात:
चार महिन्यांपासून मला दिवसभर थकवा जाणवतो. साध्या मल्टिव्हिटॅमिनपेक्षा फळे व पालेभाज्या वाळवून केलेल्या होल फूड गोळ्या चांगल्या, असे मला सांगण्यात आले आहे. त्या खरोखर अधिक उपयोगी आहेत का, एवढेच कृपया आज सांगावे.

गवतफुला:
आपण वय, आहार, रक्ततपासणी यांपैकी काहीच लिहिलेले नाही. हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातील लोहाचा साठा दाखवणारी तपासणी), बी १२ आणि थायरॉइड तपासले आहे का? इतर कोणती औषधे चालू आहेत?

केशरमेघ:
मी दोन वर्षे याच गोळ्या घेत असून मला पुष्कळ फरक पडला आहे. निसर्गातले जीवनसत्त्व शरीराला लागू पडते, कारखान्यातले नाही.

दीपमाळ:
असे सरसकट म्हणता येणार नाही. ई जीवनसत्त्वाचे नैसर्गिक रूप अधिक प्रभावी असते हे मान्य आहे. परंतु क जीवनसत्त्वाचा रेणू फळातला असो वा कारखान्यातला, एकच असतो, आणि फॉलिक आम्ल (फोलेट या बी गटातील जीवनसत्त्वाचे कृत्रिम रूप) तर अन्नातल्या फोलेटपेक्षा चांगले शोषले जाते. शिवाय अशा कित्येक गोळ्यांमध्ये कृत्रिम जीवनसत्त्वे मिसळून वाढवलेले यीस्टच वाळवून घातलेले असते.

केशरमेघ:
माझ्या गोळीत स्पिरुलिना (वाळवलेले निळे-हिरवे शेवाळ) आहे, त्यामुळे बी १२ची चिंता मिटते.

दीपमाळ:
मिटत नाही. स्पिरुलिनात आढळणारे बी १२ बहुतांशी अशा रूपात असते की माणसाच्या शरीराला त्याचा उपयोग होत नाही.

रानवाट:
धूम्रपान करणाऱ्यांनी बीटा कॅरोटीनच्या (ज्यापासून शरीर अ जीवनसत्त्व बनवते त्या द्रव्याच्या) गोळ्या टाळाव्यात. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या फिनलंडमधील चाचणीत त्या घेणाऱ्या धूम्रपींमध्ये फुप्फुसाचा कर्करोग अधिक आढळला होता.

सांजवात:
मी धूम्रपान करत नाही. वय ४६, आहार शाकाहारी, तपासणी केलेली नाही. वॉर्फरिन हे रक्त पातळ करणारे औषध बरीच वर्षे चालू आहे. त्याचा इथे संबंध असेल असे वाटले नाही.

गवतफुला:
संबंध आहे, आणि मोठा आहे. पालेभाज्यांच्या पुडीत के जीवनसत्त्व भरपूर असू शकते आणि ते वॉर्फरिनचा परिणाम कमी करते. दुसरे असे की, रक्त पातळ करणारे औषध घेणाऱ्याला थकवा येत असेल, तर शरीरात कुठे थोडाथोडा रक्तस्राव होत नाही ना, हे आधी पाहावे लागते. शौचाचा रंग काळा झाला आहे का?

सांजवात:
तसे काही दिसलेले नाही. परंतु सोमवारपासून मी रोज दोन होल फूड गोळ्या घेत आहे.

गवतफुला:
त्या थांबवा, वॉर्फरिन मात्र स्वतःहून बंद करू नका किंवा त्याची मात्राही बदलू नका. आजच डॉक्टरांना फोन करून हे सगळे सांगा, आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो हे दाखवणारी रक्ततपासणी) केव्हा तपासायचा ते विचारा आणि जाताना गोळ्यांची बाटली सोबत न्या.