मराठवाड्यात पांढऱ्या वाईनची द्राक्षं: नाशिकचीच वाणं कशाला?

माळरान_औसा
औसा-तुळजापूर पट्ट्यात काय आणि जालन्याच्या कडवंचीत काय, आपण लावतो ती थॉमसन, सोनाका, माणिक चमन ही खायची वाणं. भाव पडला की बेदाणा करायचा, बेदाण्याचाही भाव पडला की बागेला कुऱ्हाड लावायची. वाईनच्या द्राक्षाचा विषय निघाला की "ते नाशिकवाल्यांचं काम" म्हणून तो तिथंच मिटतो. मला तो मिटू द्यायचा नाही.

माझं म्हणणं असं की पांढऱ्या वाईनची द्राक्षं आपल्याकडं होतील, पण नाशिकची नक्कल करून होणार नाहीत. तिकडं १९९७ च्या सुमारास सोविन्यॉ ब्लांक आणि शेनिन ब्लांक ही पांढऱ्या वाईनची वाणं लागली आणि तिथल्या थंड रात्रींनी ती तारली. सोविन्यॉचा सगळा जीव त्याच्या वासात, आणि तो वास उन्हात टिकत नाही. आपल्याकडं फेब्रुवारी सरता सरता पारा पस्तिशीला जातो आणि घडातलं मॅलिक आम्ल झपाट्यानं घटतं. साखर मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर २२ ब्रिक्स (म्हणजे भरपूर साखर) दाखवतो, माणूस खूश होतो, आणि मणी तोंडात टाकावा तर नुसता गुळमट. लाल वाईनला सालीचा रंग आणि तुरटपणा सावरून घेतो. पांढरीत साल आधीच बाजूला काढतात, त्यामुळं आम्ल गेलं की वाईन मचूळ लागते.

म्हणून वाण बदलायचं. कोलंबार्ड कॅलिफोर्नियाच्या तापलेल्या सेंट्रल व्हॅलीत वर्षानुवर्षं आम्ल धरून राहिलंय. ऑस्ट्रेलियातल्या उष्ण, पाणीटंचाईच्या भागात शेतकरी इटलीच्या फियानो आणि वर्मेंतिनोकडं वळलेत. ग्रीसच्या सँटोरिनी बेटावरचं असिर्तिको तर उन्हात आंबटपणा टिकवण्यासाठीच नावाजलेलं आहे. यातलं आपल्या मातीत कोणतं रुळेल ते लावल्याशिवाय कळणार नाही. हलक्या मुरमाड रानात, डॉगरिज आणि ११०-आर अशा, कलम बांधायच्या दोन्ही खुंटांवर, अर्ध्या-अर्ध्या एकराचे प्रयोग प्लॉट हवेत. परभणीचं कृषी विद्यापीठ, पुण्याजवळच्या मांजरीचं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आणि एखादी वायनरी यांनी ते मिळून करावेत.

निफाडचा_भाचा
दादा, वाण राहू द्या, माल घेणार कोण ते आधी सांगा. २००१ चं द्राक्ष प्रक्रिया धोरण आलं, विंचूर आणि पलूसला वाईन पार्क झाले, गावोगाव लोकांनी वाईनची द्राक्षं लावली. २००८ च्या मंदीनंतर वायनऱ्यांच्या टाक्या भरलेल्याच राहिल्या आणि शेतकऱ्यांचे पैसे अडकले. माझ्या मामांनी उभा मांडव रिकामा केला, चांगल्या वयातल्या वेली मुळासकट काढल्या. थॉमसनचा सौदा मोडला तर क्रेट भरून बाजार गाठता येतो, शेडवर बेदाणा टाकता येतो. शेनिनचा बारीक, बियांचा मणी बाजारात कोण घेणार? लेकरंसुद्धा थुंकून टाकतात.

परंडा_बागायतदार
कागदावर सगळं बरोबर आहे, पण छाटणीच्या तारखेचं काय करायचं? वाईनचं द्राक्ष फळछाटणीपासून चार-सव्वाचार महिन्यांत काढणीला येतं. ऊन चुकवायचं म्हणून सप्टेंबरात छाटली, तर जानेवारीच्या थंडीत माल निघेल हे खरं. पण सप्टेंबर म्हणजे आपल्याकडं परतीच्या पावसाचा महिना. २०२५ च्या सप्टेंबरात सीनेला पूर आला, परंडा-भूमची रानं पाण्याखाली गेली. पोंगा (कोवळी फूट) फुटलेला असताना तसा पाऊस लागला तर डावणीची बुरशी आणि घडकुज घड ठेवत नाहीत. पाऊस चुकवायला ऑक्टोबरच्या शेवटी छाटली, तर माल मार्चच्या उन्हात सापडतो. या कात्रीतून कोणतं वाण सोडवणार? आणि सँटोरिनीचं म्हणाल तर तिथली जमीन ज्वालामुखीच्या राखेची, सैल. आपल्या काळ्या जमिनीत पाणी मुरत बसतं, मुळं गुदमरतात.

माळरान_औसा
@परंडा, तुम्ही नेमकं दुखण्यावर बोट ठेवलंत, आणि म्हणूनच वाण महत्त्वाचं आहे. सप्टेंबरची छाटणी मी सुचवणारच नाही. छाटणी ऑक्टोबरातच ठेवू आणि मार्चचं ऊन सोसून आम्ल राखणारं वाण शोधू. शेनिनचा घड गच्च असतो, आत पाणी अडकलं की कुजतो. फियानोची साल जाड आहे, तेवढा फायदा धरायला हरकत नाही. काळ्या रानाबद्दल तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य, तिथं लावूच नये.

मीरा_अंबाजोगाई
मी शेतकऱ्याची मुलगी आहे आणि माझा याला विरोध आहे. जानेवारी २०२२ मध्ये सुपरमार्केटात वाईन विकायचा निर्णय झाला, तेव्हाही शेतकऱ्याचंच नाव पुढं केलं होतं. लोकांनी विरोध केला आणि तो अंमलात आला नाही. दारूपायी मोडलेली घरं आमच्या गल्लीत आहेत. २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं प्यायचं पाणी आणावं लागलं. अशा भागात पाणी कशावर खर्च करायचं हा प्रश्न वाणाच्या आधी येतो. मोसंबी, तूर, करडई यांच्यावर एवढी चर्चा कुणी करत नाही.

माळरान_औसा
मीराताई, पाण्याचा मुद्दा मला पटतो, पण मग उसाकडंही बघावं लागेल. ठिबकवरची द्राक्षबाग उसाच्या मानानं कमी पाण्यात भागते, आणि वाईनच्या द्राक्षाला तर मणी पिकताना पाणी तोडूनच ठेवतात. दारूच्या प्रश्नावर मी तुमच्याशी वाद घालणार नाही, ती घरं मीही पाहिलीत.

टाकीवरचा_माणूस
वायनरीत काम करतो म्हणून दोन गोष्टी सांगतो. आम्ल कमी पडलं तर आम्ही रसात टार्टारिक मिसळतो, हे उष्ण भागांत सर्रास चालतं. तेव्हा उन्हाची एवढी धास्ती नको. माझ्या मते शेनिन पुरेसं आहे: गिऱ्हाईक ते नाव ओळखतं, फियानो लिहिलेली बाटली दुकानात पडून राहील. खरी अडचण वाहतुकीची. पांढरा माल पहाटे, गार असताना तोडून लगेच रस काढायच्या प्रेसवर जायला हवा. औशाहून नाशिक चारशे किलोमीटरच्या आसपास. तेवढ्या प्रवासात क्रेटमधले तळाचे मणी फुटतात, रस काळवंडतो आणि क्रेट उघडताच वास येतो. त्यापेक्षा सोलापूर जिल्ह्यात अकलूजला वायनरी आहे, त्या बाजूचा विचार करा. नाहीतर तुळजापूरच्या आसपास नुसतं प्रेस आणि थंड टाक्यांचं युनिट उभं राहिलं पाहिजे.

माळरान_औसा
टार्टारिकनं आंबटपणा येईल, पण उन्हात गेलेला वास परत येत नाही. प्रेस आणि थंड टाक्यांचं मात्र अगदी बरोबर, लागवडीआधी तेच हवं. नवीन वाणाच्या लागवडीच्या काडीचाही प्रश्न आहे. परदेशातून आणायची तर आयात परवाना आणि क्वारंटाईन आलं. एकट्या शेतकऱ्याला ते झेपणारं नाही, म्हणून तर संशोधन केंद्राचं नाव घेतलं.

निफाडचा_भाचा
मग करारात हे आधी लिहून घ्या: भाव फक्त ब्रिक्सवर नाही, आम्लावरही ठरेल. मोजणी शेतकऱ्यासमोर होईल. तोडणीची तारीख वायनरीनं पुढं ढकलली आणि तेवढ्यात माल पिकून उतरला, तर ते नुकसान वायनरीचं. चौथा भाग पैसे तोडणीआधी खात्यात. एवढं मान्य करून सही देणारी वायनरी मिळाली तर सांगा, मामांकडून एक एकर मी स्वतः लावून घेतो.