ट्रॅक, बस, सबमिक्स: तुमचे किस्से येऊ द्या

फेडरवाला: जुन्या मालवणी लघुपटाचं हिंदी डबिंग करायचंय म्हणून दिग्दर्शकाचा फोन आला, "संवाद सोडून बाकी सगळं दे." रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरमधला प्रोजेक्ट उघडला तर संवाद, संगीत, इफेक्ट्स अशा तीन बस (एका जातीचे ट्रॅक एकत्र येतात ती वाट, म्हणजेच सबमिक्स) तयारच. अंधेरीत ज्या काकांच्या हाताखाली मिक्सिंग शिकलो त्यांचा दंडकच होता, ट्रॅक थेट मेनला, म्हणजे शेवटच्या मिक्सला, जोडायचा नाही. फाइल बाहेर काढायच्या डिलिव्हर पेजवर संगीत आणि इफेक्ट्सच्या बस निवडल्या, झालं काम. ऐकायला बसलो तर नायिकेच्या बांगड्या गायब! दार लागतं तेही गायब. सगळं संवादाच्या माइकमध्येच होतं ना. तुमचेही असले अनुभव लिहा.

अनुस्वार: 😂 ट्रॅकवर वेगळं नाही ते बसमध्ये कुठून वेगळं होणार? आम्ही दोन वाक्यांच्या मधली पावलं, दारं, भांडी कापून वेगळ्या ट्रॅकवर टाकतो, तो ट्रॅक इफेक्ट्सच्या बसला. शब्दावरच वाजलेली बांगडी मात्र फोलीत, म्हणजे स्टुडिओत नव्याने वाजवून, पुन्हा करायची.

मावशी_रत्नागिरी: काचेच्या आहेत माझ्याकडे, वाजवून पाठवू?

फेडरवाला: खरंच पाठवा मावशी. पंखा बंद करून.

टाळकरी: रीपर या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये बस नावाचा वेगळा ट्रॅकच नाही, फोल्डर केला की तीच बस. भजनी मंडळाचं रेकॉर्डिंग करतो. टाळ आणि पखवाज एका फोल्डरात, वर हलका कॉम्प्रेसर, आवाजाचा चढउतार आवरायला. टाळ तरी बुवांच्या माइकमध्ये घुसतोच. त्याला बस काय करणार, टाळकऱ्यांनाच दोन पावलं मागे सरकवतो. रुसतात.

कुकरची_शिट्टी: घाईत विचारतेय, भाजी गॅसवर आहे. गाण्याचा फेडर (आवाज कमीजास्त करायची पट्टी) पूर्ण खाली तरी रिव्हर्ब, म्हणजे घुमारा, ऐकू येतो. भूत आहे का?

अनुस्वार: रिव्हर्बकडे जाणारा सेंड प्री-फेडर, म्हणजे फेडरच्या आधीच घेतलेला, असणार. पोस्ट-फेडर करा, फेडरबरोबर रिव्हर्बही खाली येईल. प्री ठेवतात ते मुख्यतः गायकाच्या हेडफोनसाठी.

कुकरची_शिट्टी: गेलं भूत. भाजी लागली.

जुना_खोडकर: हल्ली एक विद्यार्थी आला, "सर, संवाद उगाच मोठे वाटतात." बघतो तर संवाद सबमिक्सला (सबला) आणि थेट मेनलाही, शिवाय सब मेनला. तोच सिग्नल दोनदा, म्हणजे ६ डीबी वाढ. सबवर सिग्नल उशिरा पुढे देणारं प्लगइन (इफेक्टचं जोड-सॉफ्टवेअर) असतं आणि त्या उशिराची भरपाई झाली नसती, तर पिंपात बोलल्यासारखं ऐकू आलं असतं. बाकी रिझॉल्व्हमध्ये आवाजाचं काम करायचं पेज ज्या फेअरलाइटच्या नावाचं, ती मूळची सिडनीची कंपनी, १९७५ची. रिझॉल्व्हवाल्या ब्लॅकमॅजिकने ती २०१६ साली घेतली. आमच्या तरुणपणी फेअरलाइटचं यंत्र नुसतं फोटोत बघायचो.

पुणेरी_पॉडकास्ट: आम्ही दोघंच बोलतो, संगीत सुरुवातीला आणि शेवटी. एवढ्यासाठी कशाला बस?

जुना_खोडकर: दोघांनाही एकच कॉम्प्रेसर लावायचा असेल तर बस. नसेल तर खरंच नको.

फेडरवाला: हुंदके कुठे टाकता? डबिंगवाली म्हणते मी माझे देईन, दिग्दर्शकाला मूळचेच हवेत.

अनुस्वार: वेगळा ट्रॅक, वेगळी बस, फाइलही वेगळी द्या. त्यांचं भांडण त्यांना मिटवू दे.

मावशी_रत्नागिरी: टाळकरी, बुवांना माइक कोणता? आमच्या देवळात घ्यायचाय.

टाळकरी: डायनॅमिक घ्या, कंडेन्सर नको. देऊळ फार घुमतं.