मदत हवी आहे: स्लाइडमध्येच फिरवता येणारा हिमोग्लोबिनचा रेणू

नमस्कार मंडळी,

एमएस्सी जीवरसायनशास्त्राच्या वर्गासाठी सिकलसेलवर स्लाइड्स करतेय. आम्ही विदर्भातले, त्यामुळे हा आजार मुलांना ऐकून माहीत असतो. मला दाखवायचंय ते रेणूच्या पातळीवर. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलीन येतं आणि ते शेजारच्या रेणूतल्या फेनिलॲलॅनीन ८५ आणि ल्युसीन ८८ यांच्या खाचेत जाऊन बसतं. पीडीबी या प्रथिनांच्या रचनांच्या संग्रहातली २एचबीएस ही रचना यासाठी उत्तम आहे. गंमत म्हणजे प्रत्येक रेणूतल्या दोन बीटा साखळ्यांवरच्या अशा दोन व्हॅलीनपैकी एकच असं अडकतं. हे सपाट चित्रात कळत नाही, रेणू फिरवावाच लागतो.

पॉवरपॉइंट करून पाहिलं. कायमेराएक्स या रेणू दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमधून जीएलबी (त्रिमित मॉडेलची) फाइल काढली की त्रिमित मॉडेल छान बसतं, पण तो नुसता पृष्ठभाग. त्यातलं एखादं अमिनो आम्ल निवडता येत नाही, साखळीची रिबन काढून अणूबंधांच्या काड्या (स्टिक) दाखवता येत नाहीत. व्हिडिओ नको, कारण "मॅडम, मागून दाखवा" हे ठरलेलंच.

म्हणून ब्राउझरमध्ये चालणाऱ्या रिव्हील-जेएसमध्ये स्लाइड्स केल्या आणि थ्रीडीमोल या रेणू दाखवणाऱ्या लायब्ररीची पानं आयफ्रेममध्ये, म्हणजे पानाच्या आतल्या पानाच्या चौकटीत, टाकली. अडचणी अशा: पहिला रेणू दिसतो, पुढच्या स्लाइडवर नुसता पांढरा चौकोन. रेणूवर क्लिक केलं की बाणाच्या कळा आणि क्लिकर दोन्ही बंद. आणि सभागृहात नेटचा भरवसा नाही, पण फाइल थेट उघडली तर रचना लोडच होत नाही. कुणी हे वर्गात चालवलंय का?

प्रतिसाद १

पांढरा चौकोन: लपलेल्या स्लाइडची रुंदी-उंची शून्य असते, त्यामुळे रेणू ज्यावर काढला जातो तो कॅनव्हासही शून्य आकाराचा तयार होतो. आयफ्रेमच्या पत्त्यासाठी एसआरसीऐवजी डेटा-एसआरसी लिहा, म्हणजे पान स्लाइड समोर आल्यावरच लोड होईल.

कळा: फोकस आयफ्रेममध्ये अडकतो. माउस सोडल्यावर तो मुख्य पानाकडे परत देणारी एक ओळ आतल्या पानात घाला.

नेट: थेट उघडलेल्या पानाला ब्राउझर शेजारची फाइल वाचू देत नाही. पायथनचा साधा लोकल सर्व्हर चालवा. थ्रीडीमोलची फाइलही उतरवून ठेवा, नाहीतर ती नेटवरूनच मागवली जाईल.

प्रतिसाद २

डेटा-एसआरसीने काम होईल, पण स्लाइड मागे घेतली की पान नव्याने लोड होतं आणि तुम्ही लावलेला कोन जातो. शिकवताना हे फार चिडचिडं होतं. मी आयफ्रेमच वापरत नाही. सगळ्या स्लाइड्सच्या मागे थ्रीडीमोलचा एकच व्ह्यूअर (रेणू दाखवणारी खिडकी) ठेवायचा आणि स्लाइड बदलली की त्याच्या गेटव्ह्यू फंक्शनने जपलेला कोन सेटव्ह्यूने लावायचा. फोकसचा प्रश्नही मिटतो. शिवाय प्रत्येक स्लाइडला वेगळा व्ह्यूअर केला तर क्रोम सोळाच्या पुढे जुने वेबजीएल संदर्भ (ब्राउझरमधली त्रिमित चित्रं काढायची जागा) बंद करत जातो.

एक सांगायचं राहिलं: रिव्हील स्लाइड लहानमोठी करतं, तेव्हा अणूवरचं क्लिक भलत्याच जागी लागू शकतं. स्लाइडचा आकार प्रोजेक्टरच्या रिझोल्यूशनइतकाच ठेवा.

धागाकर्ती

दोघांचेही आभार! एक व्ह्यूअरवालं करून बघते. तो मागे असताना वरच्या मजकुराच्या स्लाइडने माउस अडवला, तर रेणू फिरणार कसा?

प्रतिसाद २

त्या स्लाइडला सीएसएसमध्ये पॉइंटर-इव्हेंट्स नन द्या. दुवे असतील तर फक्त त्यांना पुन्हा ऑटो.