मदत हवी आहे: गोधडीवर लाल रंग पसरलाय, शनिवारच्या आत काहीतरी सांगा

शेवंती_फोंडा
नमस्कार. आमच्या क्लबची गोधडी धुतली तर लाल रंग शेजारच्या पांढऱ्या तुकड्यांवर पसरला. शनिवारी सगळ्याजणी आपापलं काम दाखवायला आणणार आहेत आणि ही मधोमध टांगायची आहे. डाग कसे घालवू? "आधी कापड भिजवून बघायला हवं होतं" हे कृपया कोणी लिहू नका. उपाय लिहा.

म्हापशेकर
मीठ आणि व्हिनेगर. बादलीभर पाण्यात दोन मुठी मीठ, अर्धी वाटी व्हिनेगर, रात्रभर भिजत ठेवा. रंग पक्का होतो. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या असंच करतात.

बाटीकवाली
अहो म्हापशेकर, रंग पक्का करून काय साधणार? पांढऱ्यावर पसरलेला गुलाबीही पक्काच व्हायचा ना! शिवाय व्हिनेगरचा उपयोग लोकर किंवा रेशीम रंगवताना होतो, सुतीला त्याचा काही फायदा नाही. आणि मीठ रंगाच्या पाण्यात घालतात ते रंग धाग्याकडे ओढला जावा म्हणून. रंगवून झालेल्या कापडावर नंतर मीठ टाकून रंग बसत नाही.
शेवंतीताई, आधी हे सांगा: गोधडी अजून ओली आहे की वाळली? इस्त्री फिरवली का? आत काय भरलंय? धुताना पाणी गार होतं की गरम?

शेवंती_फोंडा
सुती आहे. मोठी आहे, सहा फूट बाय सहा फूट. छत्तीस चौकोन, प्रत्येकीने एकेक केलेला. डाग लाल चौकोनाच्या चारी बाजूंना, साधारण तीन बोटं रुंद.

बाटीकवाली
मी विचारलेल्यातलं एकाचंही उत्तर नाही आलं.

केप्याची_काकी
अगो बाय, नवं कापड वापरलंत की जुनं? आमच्या वाकळीला कधी रंग लागला नाही. वापरून वापरून मऊ झालेली लुगडी, धोतरं, आजीची कापडं, ह्यांचीच वाकळ करायची. त्या कापडातला सुटायचा तेवढा रंग केव्हाच विहिरीच्या पाण्यात गेलेला असतो. दुकानातून करकरीत कापड आणून गोधडी शिवायची म्हटली की असं होणारच. हल्ली तुम्ही मुली रंगसंगती बघून मीटरने कापड घेता.

शेवंती_फोंडा
काकी, छत्तीसपैकी तीस तुकडे जुन्या साड्यांचेच आहेत. आणि मी मुलगी नाही, माझी मुलगी कॉलेजला आहे.

निवृत्त_मास्तर_डिचोली
विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. अनमोड घाट चढून पलीकडे गेलात की हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड भागात सिद्दी समाजाच्या बायका कवंदी, म्हणजे त्यांच्या रीतीची गोधडी, करतात. ह्यांचे पूर्वज आफ्रिकेतले. पोर्तुगीजांनी गोव्यात गुलाम म्हणून आणलेले बरेच जण पळून त्या रानांत वसले. त्यांच्या कवंदीची रीत वेगळी. आपण मधून शिवत बाहेर जातो, त्या बायका कडेपासून सुरू करून फेर घेत घेत आत येतात आणि मध्यावर संपवतात. चारही कोपऱ्यांवर कापडाच्या घड्यांची फुलं लावतात. आमचा क्लब, आमची कला म्हणणाऱ्यांनी एकदा तिकडे जाऊन बघावं.

सुई_मडगाव
मास्तर, माहिती छान आहे, पण डागाचं काय? आणि "आपण मधून शिवतो" हेही सगळ्यांना लागू नाही. माझी सासू एका काठापासून ओळीने धावदोरा घालत दुसऱ्या काठाला जाते. आम्ही मधून सुरू करतो ते आतलं भरण गोळा होऊ नये म्हणून.

ट्रॅव्हलर_राजू
ब्लीच. कापसाच्या बोळ्याला लावून फक्त गुलाबी भागावर टिपा. पाच मिनिटं. संपला विषय.

बाटीकवाली
राजूभाऊ, विषय नाही, गोधडी संपेल. क्लोरीनचं ब्लीच शिवणीतून शेजारी झिरपतं, मूळच्या लाल चौकोनावर फिकट ठिपके पडतात. जुनी साडी आधीच विरलेली, तिथे सहा महिन्यांत भोक पडेल. आणि रेशीम असेल तर ब्लीच ते खाऊनच टाकतं. शेवंतीताई, रेशमाचा तुकडा आहे का कुठे?

शेवंती_फोंडा
एका कोपऱ्यात खणाचा आहे. इतर सगळं सुती. ओली आहे का विचारलं होतंत: काल धुतली, रात्रभर पंख्याखाली होती, कडा वाळल्या, मधला भाग अजून दमट आहे. बाहेर पाऊस थांबतच नाही, वाळणार कुठून? पाणी गारच होतं. इस्त्री नाही केली. आता सांगा.

बाटीकवाली
इस्त्री नाही केलीत ते फार बरं झालं. आता ह्यापुढे वाळू देऊ नका. दमट आहे तोवर डाग सैल असतो, कडकडीत वाळला आणि वरून उष्णता लागली की सोडवायला जड जातो. पण आत काय भरलंय ते अजून सांगितलं नाहीत, आणि सगळं त्यावर अडलंय.

शेवंती_फोंडा
जुनं ब्लँकेट. घरातलं.

बाटीकवाली
लोकरीचं की सिंथेटिक? गरम पाण्यात लोकर आकसते आणि नमद्यासारखी घट्ट होते. वरची गोधडी तेवढीच राहील, आतलं लहान होईल, आणि सगळीकडे चुण्या पडतील.
ओळखायची सोपी रीत आहे. कडेची थोडी शिवण उसवा, ब्लँकेटचे दोनचार धागे चिमट्याने ओढून काढा आणि वाटीवर धरून काडीने पेटवा. केस जळल्यासारखा वास आला आणि चुरली जाणारी राख उरली तर लोकर. वितळून काळा कडक मणी झाला तर सिंथेटिक. खिडकीपाशी करा, गोधडी लांब ठेवा.

म्हापशेकर
एवढा खटाटोप? रिठ्याच्या पाण्यात घाला, झालं. रासायनिक साबणानेच रंग सुटतो.

सुई_मडगाव
म्हापशेकर, आता आपल्याला रंग सुटायलाच हवा आहे. पांढऱ्यावरचा. रिठा रेशमासाठी ठेवा.

म्हापशेकर
मग मीठ नको, रिठा नको, व्हिनेगर नको, तर आमच्यासारख्यांनी लिहायचंच नाही का? अनुभवाला काही किंमत आहे की नाही!

पेडण्याची_नवी
मध्येच विचारते, माफ करा. मला शिवणयंत्र घ्यायचं आहे गोधडीसाठी. जुनी पायमशीन चालेल की मोटरची हवी? तीन थर एकदम जात नाहीत, सुई मोडते.

केप्याची_काकी
हातानेच शिव. मशीनच्या टाक्याची गोधडी पाठीला टोचते.

सुई_मडगाव
टोचत नाही काकी, दोरा नीट निवडला तर. @पेडण्याची_नवी, सोळा नंबरची सुई लाव, टाका लांब ठेव आणि दाबपट्टीचा जोर कमी कर. वेगळा धागा काढ, तिथे सांगते.

लाल_दोरा
आत्ता वाचलं. लाल चौकोन माझा आहे. शेवंतीने नाव घेतलं नाही, पण क्लबात सगळ्यांना कळलंच आहे, म्हणून मीच लिहिते. कुणबी साडीच्या लाल-पांढऱ्या चौकटींसारखा करायचा होता. खरी जुनी कुणबी साडी कापायची जिवावर आली, म्हणून नवं लाल कापड घेतलं. दुकानदार छातीठोकपणे म्हणाला, पक्का रंग. मी घरी एकदा धुतलंही होतं, तेव्हा पाणी फक्त गुलाबी आलं होतं.

निवृत्त_मास्तर_डिचोली
पाणी गुलाबी आलं म्हणजे काय आलं?

लाल_दोरा
मास्तर, आता तुम्ही तरी नको.

बाटीकवाली
लाल आणि गडद निळा ह्यांचं हे नेहमीचंच. धाग्याला न चिकटलेला जास्तीचा रंग कापडात तसाच राहतो आणि एका धुण्यात तो सगळा जात नाही. काही स्वस्त लाल तर असे असतात की प्रत्येक धुण्याला थोडेथोडे सुटतच राहतात. पांढरा रुमाल ओला करून चौकोनावर दाबून पाहा. रुमालाला लाली लागली तर रंग अजून सुटतोय.

शेवंती_फोंडा
रुमालाला चांगलाच रंग लागला. आणि धागा जाळला: काळा मणी झाला, वास प्लास्टिकचा आला. म्हणजे सिंथेटिक ना? आता पुढचं सांगा, क्लबच्या ग्रुपवर फोन वाजून वाजून माझं डोकं उठलंय.

बाटीकवाली
हो, सिंथेटिक. मग गरम पाणी चालेल. उकळतं नको, साधारण 60 अंश, म्हणजे हात घालवणार नाही इतपत.

आधी खणाचा कोपरा उसवून वेगळा काढा. रेशीम त्या पाण्यात जाऊ देऊ नका, पुन्हा जोडता येईल.

मग जेवढं मोठं भांडं मिळेल तेवढं घ्या. बादली नको. पाण्याचा ड्रम किंवा लग्नाच्या स्वयंपाकाचं पातेलं मिळालं तर उत्तम. गोधडी मोकळी पसरून पूर्ण बुडाली पाहिजे, कुठलाही भाग वर तरंगता नये, नाहीतर तिथेच कडेला नवा पट्टा पडेल. पाणी भरपूर हवं, कारण सुटलेला रंग पातळ राहिला तर परत पांढऱ्याला धरत नाही. त्यात भांडी घासायचं लिक्विड सढळ हाताने घाला. साबणाचं काम सुटलेला रंग पाण्यात धरून ठेवायचं आहे. रात्रभर ठेवा. सकाळी पाणी लाल दिसलं की ओतून द्या आणि पुन्हा तेच. स्टीलच्या ग्लासात पाणी घेऊन बघू नका, पांढऱ्या वाटीत घेऊन बघा, तेव्हा खरा रंग कळतो. पाणी निर्मळ येईपर्यंत थांबायचं नाही.

म्हापशेकर
आणि इतका लाल रंग टाकायचा कुठे, तुळशीत?

केप्याची_काकी
म्हापशेकरांना आधी चहा द्या कोणीतरी.
शेवंती, मी वाळवायचं सांगते. ओली गोधडी एका टोकाला धरून उचलू नकोस. पाण्याचं वजन एवढं असतं की धावदोरा ताडताड तुटतो. दोघींनी चादरीत झोळी करून उचला. पिळू नकोस. जुन्या पंचांमध्ये गुंडाळून वरून पाय दे, पाणी पंचांत जातं. मग खाटेवर पसर, खाली हवा लागली पाहिजे. ह्या दिवसांत नुसत्या दोरीवर टाकलीस तर आठवडाभर वाळायची नाही आणि कुबट वास धरेल.

वाळपईची_सुमन
वासावरून आठवलं. माझ्या कपाटातल्या तीन गोधड्यांवर काळे ठिपके आलेत, बुरशीचे. दर पावसात. ते कसे घालवू?

सुई_मडगाव
सुमनताई, आधी त्यांना कपाटातून बाहेर काढा. प्लास्टिकच्या पिशवीत असतील तर पहिली पिशवी फेका. ऊन पडलं की उन्हात टाका आणि ब्रशने झाडा, घरात झाडू नका. डाग जातीलच असं नाही, बुरशी थांबेल.

निवृत्त_मास्तर_डिचोली
सामूहिक गोधडी म्हटली की मला एड्सने गेलेल्यांच्या स्मृतीची ती प्रचंड गोधडी आठवते. 1987 च्या ऑक्टोबरमध्ये वॉशिंग्टनला पहिल्यांदा मांडली, तेव्हाच 1920 तुकडे होते. एकेक तुकडा तीन फूट बाय सहा फूट, माणसाच्या थडग्याएवढा. तिथे कोणी कोणाच्या तुकड्याचा रंग उतरला म्हणून भांडलं असेल असं वाटत नाही.

लाल_दोरा
इथेही कोणी भांडत नाहीये मास्तर. शेवंती, मी आज संध्याकाळी येते. आमच्याकडे घरच्या जेवणावळीचं मोठं पातेलं आहे, ते घेऊन येते. आणि रंग सुटायचा थांबलाच नाही तर माझा चौकोन काढून टाकू. मी दुसरा करते, ह्या वेळी काकींच्या जुन्या लुगड्याचा.

केप्याची_काकी
माझ्या लुगड्याचा? विचारलंस कोणाला? ये घरी, बघू.

शेवंती_फोंडा
कळवते. दरम्यान: पहिलं पाणी जांभळट लाल आलं, दुसरं गुलाबी. पांढऱ्यावरची लाली बरीच उतरली, पण लाल चौकोनाच्या खालच्या कडेला एक पट्टा अजून आहे. हा राहिला तर काय करू?

बाटीकवाली
आणखी एकदा गरम पाण्यात. नुसत्या घासण्याने नाही, घासलंत तर पांढऱ्याचे धागे फुलतील. तरीही राहिला तर सोडियम परकार्बोनेट असलेली, म्हणजे ऑक्सिजनवाली पावडर मिळते, तिच्या पाण्यात तो भाग बुडवून ठेवा. आधी गोधडीच्या मागच्या अस्तरावर, कोपऱ्यात तपासा. क्लोरीनवालीपेक्षा ती बरीच सौम्य असते, पण घाईने घट्ट करून लावू नका. आणि शनिवार चुकणार असेल तर चुकू द्या. वाळली नाही ती गोधडी टांगू नका.

शेवंती_फोंडा
शनिवार चुकणार नाही. गोधडी खाटेवर पसरली आहे, वर पंखा, खाली पंखा. लाल_दोराने आपला चौकोन काल रात्री उसवून घेतला. त्या जागी सध्या पांढऱ्याच कापडाचा तुकडा टाचून ठेवलाय, काकींचं लुगडं मिळेपर्यंत. खालच्या पट्ट्याचा फिकट गुलाबी उरलाय, जवळून बघितलं तरच दिसतो. तिथे एक वेल भरायची असं ठरतंय, सुई_मडगावने रेघ आखून पाठवली आहे.

ट्रॅव्हलर_राजू
वेल भरायची तर पानं हिरवी घ्या, गुलाबीवर हिरवं उठून दिसतं.

बाटीकवाली
आणि तो हिरवा दोरा आधी भिजवून बघा. हे लिहायची तुम्ही बंदी घातली होती ना, ती दोऱ्याला लागू नाही असं मी धरते.