ऑक्टोबरच्या हंगामासाठी ठासणीची बंदूक आणि स्कोप: काय घ्यावं?

रानवाट
पेनसिल्व्हेनियात ऑक्टोबरमध्ये शिंगं नसलेल्या हरणांसाठी मझललोडरचा (ठासणीच्या बंदुकीचा) जो आठवडा असतो, त्यासाठी बंदूक घ्यायची आहे. रायफलची सवय आहे, हंटर एज्युकेशन झालेलं आहे, पण तोंडाकडून भरायची बंदूक नवीन. जागा दाट झाडीची आहे. मचाणावरून बहुतेक नेम ४० ते १०० यार्डांचे. एका कडेला कापणी झालेलं मक्याचं शेत लागतं, तिथे १५० यार्डही होऊ शकतात. बंदूक, स्कोप आणि बाकीचं सामान मिळून ७०० डॉलर ठरवलेत.

.४५ घ्यावी की .५० (नळीचा व्यास, इंचात)? दुकानात बंदुकीच्या दारूच्या तीन पेलेट (दाबून केलेल्या वड्या) म्हणजे १५० ग्रेन (दारू-गोळीचं माप) भरा असं सांगतात, ते खरंच लागतं का? स्कोप ४-१२ पॉवरचा (४ ते १२ पट मोठं दाखवणारा) पाहतोय, तो ठीक आहे का? आणि नाताळनंतरच्या हंगामात हीच बंदूक चालेल का?

ब्रीचप्लग
शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण निवड त्यावर ठरते. नाही चालणार. नाताळनंतरचा हंगाम फक्त फ्लिंटलॉकचा आहे, म्हणजे चकमकीने पेटणारी बंदूक, आणि त्यावर स्कोप चालत नाही. ऑक्टोबरमध्ये इनलाइन (नळीच्या सरळ मागून पेटणारी आधुनिक ठासणीची बंदूक) आणि स्कोप दोन्ही चालतात. एका बंदुकीत दोन्ही हंगाम बसवायचा प्रयत्न करू नका. आत्ता ऑक्टोबरपुरती चांगली इनलाइन घ्या.

दुसऱ्या राज्यात शिकारीला जाणार असाल तर तिथले नियम आधी वाचा. कोलोरॅडोत मझललोडर हंगामात स्कोप, सॅबो (गोळीभोवतीचं प्लॅस्टिकचं वेष्टन) आणि पेलेट तिन्ही बंद आहेत. आयडाहोत तर २०९ प्रायमरही (दारू पेटवणारी, शॉटगनच्या काडतुसातली टोपी) चालत नाही. नियम बदलत राहतात, म्हणून दर वर्षीची नवी पुस्तिकाच प्रमाण.

बंदूक .५० घ्या, नळीचा ट्विस्ट (गोळीला फिरवणारा आतला पीळ) १:२८, म्हणजे २८ इंचांत एक फेरा. .४५ ची गोळी थोडी सरळ जाते हे खरं, पण १५० यार्डांच्या आत त्याचा फारसा उपयोग नाही, आणि .५० साठी गोळ्या-सॅबोंची निवड कितीतरी मोठी आहे. सीव्हीए कंपनीच्या वुल्फ आणि ऑप्टिमा या दोन्ही मधोमध मोडून उघडणाऱ्या, २०९ प्रायमरच्या आणि १:२८ च्याच. वुल्फची नळी २४ इंची, ऑप्टिमाची २६. जमलं तर स्टेनलेस नळीची ऑप्टिमा घ्या. ठासणीच्या बंदुकीचा खरा शत्रू गंज आहे आणि स्टेनलेस तुम्हाला थोडी उसंत देतं. पूर्ण मुभा मात्र नाही, साफसफाई तेवढीच करावी लागते.

जुनी मिळत असेल तर विक्रेत्यासमोर ब्रीच प्लग (नळीचं मागचं बूच) काढायला सांगा. निघाला नाही तर सौदा तिथेच सोडा. निघाला तर नळीतून उजेडाकडे बघा, विशेषतः प्लगच्या पुढचे तीन-चार इंच. दारू तिथेच जळते आणि खड्डे तिथेच पडतात.

पैशाची वाटणी: ४०० च्या आसपास बंदुकीला, २०० स्कोप आणि तो बसवायच्या रिंगांना, उरलेले दारू, गोळ्या, प्रायमर आणि सफाईच्या सामानाला. ते शेवटचे १०० लोक विसरतात आणि मग एकाच जातीच्या गोळीवर अडकून बसतात.

सत्तर_ग्रेन
दारूबद्दल. तीन पेलेट लागत नाहीत. नेहमीचा पेलेट ५० ग्रेनचा, दोन म्हणजे १००, आणि व्हाइटटेलसाठी (तिथलं पांढऱ्या शेपटीचं हरीण) तेवढं पुरतं. तिसऱ्याने धक्का वाढतो, धूर वाढतो, आणि बऱ्याच नळ्यांत गट (कागदावर गोळ्यांची भोकं जवळजवळ पडणं) विस्कटतो. शिवाय पेलेटने तुम्ही ५० च्या टप्प्यांत अडकता. सुट्या दारूत ८०, ९०, १०० असं करून नळीला काय मानवतं ते शोधता येतं. माझं मत स्पष्ट आहे: सुटी दारू.

ट्रिपल सेव्हन ही दारू सहज पेटते आणि पाण्याने साफ होते. खोट अशी की गोळी बसते तिथे कडक कडं जमतं आणि दुसरी गोळी तळापर्यंत जात नाही. उपाय म्हणजे प्रत्येक बारानंतर एक ओलसर आणि एक कोरडा चिंधीचा तुकडा फिरवणं. ती त्याच मापाच्या पारंपरिक काळ्या दारूपेक्षा साधारण १५ टक्के जोरकस असते, तेव्हा काळ्या दारूचे आकडे तसेच्या तसे उचलू नका.

ब्लॅकहॉर्न २०९ ही दारू महाग आहे, पण काजळी कमी, ओल धरत नाही, आणि मध्ये न पुसता अनेक बार काढता येतात. तिच्या तीन अटी आहेत. एक, जोरदार २०९ प्रायमर. दोन, तिच्यासाठीचा ब्रीच प्लग. काही बंदुकींत तो वेगळा घ्यावा लागतो. तीन, गोळी नळीत घट्ट बसली पाहिजे. सैल असेल तर सुरुवातीचा दाब तयार होत नाही आणि बार उशिरा उडतो. तिची सफाई पाण्याने नाही, बंदुकीच्या नेहमीच्या सॉल्व्हंटने.

इथे एक गोष्ट अत्यंत गांभीर्याने घ्या. दारूचे सगळे आकडे आकारमानाच्या मापाचे आहेत, वजनाचे नाहीत. ब्लॅकहॉर्नचं १०० ग्रेनचं माप तराजूवर ७० ग्रेन भरतं. कमाल १२० माप, म्हणजे ८४ वजन. तराजूवर १०० तोलून भरणारा माणूस जवळजवळ दीडपट दारू भरतो. आणि रायफलच्या काडतुसातली स्मोकलेस दारू अशा बंदुकीत चिमूटभरसुद्धा घालायची नाही. त्या दाबाने नळी फुटते.

गोळी: २५० ग्रेनची, सॅबोतली. हॉर्नडी एसएसटी किंवा बार्न्सची तांब्याची टी-ईझी, दोन्ही घेऊन बघा. गजाने (गोळी ठासायच्या काठीने) दाबताना चांगला, सलग विरोध जाणवला पाहिजे, पण हातोडी लागता कामा नये.

काचवाला
४-१२ नको. दाट झाडीत जवळच्या हरणासाठी चार पॉवरचं चित्र अरुंद पडतं, हरीण शोधावं लागतं. २-७x३२ (२ ते ७ पॉवर, भिंग ३२ मिलिमीटरचं) किंवा ३-९x४० घ्या. तुमच्या जागेसाठी मी २-७ म्हणेन.

उजेडाचं गणित सोपं आहे: भिंगाचा व्यास भागिले पॉवर. ४० मिलिमीटरचा स्कोप ९ वर ठेवला तर डोळ्यापाशी ४.४ मिलिमीटरचं प्रकाशवर्तुळ मिळतं, ५ वर ठेवला तर ८ चं. संधिप्रकाशात पॉवर खाली आणा, चित्र उजळतं. पैसे पॉवरवर घालवण्यापेक्षा काचेवर घाला. व्होर्टेक्स क्रॉसफायर टू तुमच्या बजेटात बसेल. थोडं ताणलंत तर ल्युपोल्ड व्हीएक्स-फ्रीडम.

स्कोपचं डोळ्यापासूनचं अंतर किमान साडेतीन इंच मिळालं पाहिजे. १०० ग्रेन दारू आणि २५० ग्रेन गोळीचा धक्का भुवई फोडायला पुरेसा आहे. पॅरॅलॅक्स (ज्या अंतरावर डोळा हलला तरी नेमाची खूण सरकत नाही ते) १०० यार्डांचा हवा. .२२ साठीचे स्कोप बहुधा ५० वर बांधलेले असतात, ते घेऊ नका. खाली उतरत्या खुणांचं रेटिकल (स्कोपमधली नेमाची फुली) मिळालं तरी त्या खुणांवर डोळे मिटून विश्वास नको: त्या ठरावीक वेगासाठी आखलेल्या असतात आणि बहुतेक स्कोपांत एकाच पॉवरवर खऱ्या ठरतात. साधं ड्युप्लेक्स (काठाला जाड, मध्ये बारीक फुली) पुरे.

रिंगांचे स्क्रू १५ ते १८ इंच-पाउंड, रिंगांखालच्या बेसचे उत्पादकाने सांगितल्याप्रमाणे. अंदाजाने आवळू नका. २०९ प्रायमरचा धूर मागून आणि बाजूने निघतो आणि स्कोपच्या पुढच्या भागाच्या खालच्या बाजूला काजळी बसून रंग खातो. तिथे टेपची पट्टी लावा आणि दिवस संपला की पुसा.

रानवाट
खूप उपयोगी. ऑप्टिमा, ब्लॅकहॉर्न आणि २-७ असं ठरवतो. स्कोप जुळवताना काय क्रम ठेवू? शिवाय एक मित्र एच-१बीवर आहे, त्यालाही घ्यायची आहे.

ब्रीचप्लग
मित्राचं आधी. केंद्रीय कायद्यात नॉनइमिग्रंट व्हिसावरच्या माणसाला बंदूक बाळगायला बंदी आहे, पण कुठल्याही राज्याचा वैध शिकार परवाना असेल तर अपवाद मिळतो. फक्त ठासणीची असलेली, तयार काडतूस न घेणारी बंदूक त्या कायद्यात ‘अँटिक’ गटात जाते, म्हणजे तिला ती बंदी लागत नाही. नळी बदलून रायफल होते अशी बंदूक, उदाहरणार्थ थॉम्पसन/सेंटरची एन्कोर, त्या गटात बसत नाही. राज्यांचे नियम वेगळे असतात. न्यू जर्सीत ठासणीच्या बंदुकीलाही कायद्याने बंदूकच मानतात. त्याने परवाना आधी काढावा आणि इमिग्रेशनच्या वकिलाला विचारूनच विकत घ्यावी.

आता क्रम. नवी नळी तेलाने माखलेली असते. ती सॉल्व्हंटने पुसा, कोरडी करा, मग रिकाम्या बंदुकीत नुसता प्रायमर उडवा म्हणजे वाट मोकळी होते. रिकाम्या नळीत गज टाकून तोंडापाशी खूण करा. पहिल्यांदा दारू आणि गोळी नीट बसली की दुसरी खूण. यापुढे प्रत्येक भरणीत गज दुसऱ्या खुणेवर आला पाहिजे. वर राहिला तर गोळी आणि दारूत पोकळी आहे किंवा दोनदा भरलंय. दोन्हींत नळी फुगते किंवा फाटते. दारू नेहमी मापातून ओता, डब्यातून थेट कधीच नाही. प्रायमर सगळ्यात शेवटी, तोंड सुरक्षित दिशेला ठेवून.

सुरुवात २५ यार्डांवर. स्कोपच्या चकतीचा पाव मिनिटाचा (कोनाचं मिनिट) क्लिक तिथे एक षोडशांश इंच सरकवतो, म्हणजे एका इंचाला १६ क्लिक. मग १०० वर जा आणि दोन ते अडीच इंच वर बसवा. १०० ग्रेनला २५० ची गोळी १५० वर साधारण एक-दोन इंच खाली येते, म्हणजे काळीज-फुप्फुसाच्या आठ इंची वर्तुळात मधोमध नेम धरून काम होतं. २०० ला ती झपाट्याने पडते, तो नेम सोडा. १५० चा आकडा कागदावर मारून पक्का करा.

८०, ९०, १०० ग्रेनचे प्रत्येकी तीन बार काढा आणि दर बारानंतर नळी हाताला गार लागेपर्यंत थांबा. तापलेल्या नळीत सॅबोचं प्लॅस्टिक मऊ होतं, गट पसरतो, आणि दोष बिचाऱ्या स्कोपवर येतो.

सत्तर_ग्रेन
दोन गोष्टी जोडतो. चाप ओढला आणि बार उडाला नाही तर पूर्ण मिनिटभर तोंड निशाणाकडेच ठेवा. बार उशिरा उडू शकतो.

आणि भरलेली बंदूक थंडीतून उबदार घरात आणू नका. नळीत दव धरतं आणि सकाळी नुसता प्रायमर फुटतो. प्रायमर काढून ती कुलूपबंद, गारच राहील अशी ठेवा. पेनसिल्व्हेनियाच्या पुस्तिकेत ‘रिकामी’ कशाला म्हणतात तेही बघा. पावसात नळीच्या तोंडावर टेपचा एक तुकडा लावा, त्याने नेम बिघडत नाही. संध्याकाळी प्लगच्या आट्यांना ग्रीस, आणि ब्लॅकहॉर्नच्या प्लगमधली ज्वालेची वाट १/८ इंची ड्रिल बिट हाताने फिरवून खरवडा, यंत्राने नाही. तिथे काजळी साचली की बार उशिरा उडायला लागतात आणि लोक दारू बदलत बसतात.